दिवस एकोणिसावा: चहा नाही

बसा. ती खुर्ची नको, तिचा एक पाय डुगडुगतो, ही घ्या. तुम्हाला एका पन्नाशी उलटलेल्या माणसाची गोष्ट सांगतो. हा माणूस कॉलेजात गेला आणि, जन्मात कधी थेंब तोंडाला लावला नसताना, तीन महिन्यांत सबंध बिल्डिंगीत दारुडा ठरला. खोटं वाटेल तुम्हाला. पण मध्ये टोकू नका. शेवटपर्यंत ऐका, मग काय बोलायचं ते बोला.

या माणसाला सगळे मामा म्हणतात. व्यसनमुक्ती केंद्रात अठरा वर्षं नोकरी. लागले तेव्हा फरशी पुसायचे. मग गोळ्या वाटायला लागले. आणि मग कधीतरी, कुणी सांगितलं नाही आणि कुणी अडवलंही नाही, सकाळच्या गोलात बसायला लागले. गोल म्हणजे काय, बारा-पंधरा खुर्च्या गोल मांडायच्या, दाखल झालेली माणसं त्यावर बसवायची, आणि प्रत्येकानं आपलं कालचं खरंखरं सांगायचं. खिडकीखालची खुर्ची मामांची. मामा जास्त बोलत नाहीत. एखादा थापा मारायला लागला की नुसतं "बरं" म्हणतात. पण ते "बरं" असं असतं, की समोरचा गडी खाकरतो, चप्पल चाळवतो, आणि दोन मिनिटांत खऱ्यावर येतो. मोठ्या डॉक्टरांनाही ते जमत नाही. डॉक्टर तसं म्हणत नाहीत, पण गोलाला मामा नसले तर डॉक्टर चिडचिड करतात, त्यावरून समजायचं.

तर एक दिवस वरून कागद आला. गोलात बसणाऱ्या प्रत्येकाकडे व्यसन-अभ्यासाच्या कोर्सचं कॉलेजचं सर्टिफिकेट पाहिजे. नसेल त्याला दुसरं काम द्यावं.

डॉक्टरांनी मामांना बोलावलं. "मामा, बारा शनिवारांचा कोर्स आहे. आपल्यासारख्या ठिकाणी काम करणाऱ्यांना शिक्षणाची अट नाही. करून टाका."

"नाही केला तर?"

"तर चादरी."

चादरी म्हणजे जिन्याखालची खोली. तिथं बसून धुवून आलेल्या चादरी मोजायच्या, घड्या घालायच्या आणि फाटलेल्या वेगळ्या ठेवायच्या. काम वाईट नाही हो. पण चादर कधी थाप मारत नाही, त्यामुळे तिला "बरं" म्हणायची सोय नाही. आणि कोर्स करावा, तर मामांची शाळा आठवीत सुटली होती, आणि सुटली होती म्हणजे शाळेनं सोडली होती.

पहिल्या शनिवारी मामा इस्त्रीचा शर्ट घालून पावणेदहालाच वर्गात जाऊन उभे राहिले. आत वीस-बावीस वर्षांची तीस पोरं-पोरी. मामांना बघून सगळी खाडकन उठून उभी राहिली. मामांना वाटलं, काय वळण आहे, मोठ्या माणसाला मान देतात. छाती जरा फुगली. मग मामा मागच्या बाकावर जाऊन बसले तेव्हा पोरांच्या लक्षात आलं की हे सर नाहीत. एक पोरगी खाली बसता बसता म्हणाली, "काका, तेवढा पंखा लावता का?" म्हणजे पाच मिनिटांत प्राध्यापकाचे शिपाई झाले. मामांनी पंखा लावला. काय करणार, बटण त्यांच्याच हाताशी होतं.

मग शिकवणाऱ्या बाई आल्या. बारीक चणीच्या, आवाज मऊ, पण वाकणाऱ्यातल्या नाहीत. त्यांनी चार पानांचा एक कागद प्रत्येकाला दिला. त्यात कोर्सचे नियम. मामांनी तो कागद घरी नेला आणि मामींना वाचायला दिला, कारण मामांचा चष्मा असा आहे की त्यातून दूरचं नीट दिसत नाही आणि जवळचं अजिबात दिसत नाही.

मामी मोठ्यानं वाचायला लागल्या. "बारा तासिका. एका गैरहजेरीला तीन गुण वजा. तिसरी झाली की नापास. दहा मिनिटं उशीर झाला तर अर्धी गैरहजेरी. कारण काहीही असो." मामी थांबल्या. "कारण काहीही असो म्हणजे? माणूस मेला तर?"

"मेला तर पूर्ण गैरहजेरी धरत असतील. पुढं वाच."

"शंभर गुण. हजेरीला वीस. व्यसन सोडलेल्यांच्या तीन सभांना जाऊन यायचं, त्याच्या अहवालांना तीस. शेवटच्या तोंडी परीक्षेला वीस. आणि डायरीला तीस. स्वतःची एक सवय तीस दिवस सोडायची आणि रोज डायरी लिहायची. अकराव्या शनिवारी जमा. उशीर झाल्यास दिवसाला पाच गुण कापले जातील. पन्नासच्या खाली नापास." मामींनी कागद खाली ठेवला आणि मामांकडे असं बघितलं, जसं माणूस बाजारात फळ दाबून बघतो. "तुम्ही काय सोडणार? तुम्हाला सवय आहेच कुठली? तंबाखू नाही, विडी नाही."

"चहा," मामा म्हणाले. सहज म्हणाले. इतकं सहज की ते बोलताना हातात कप होता.

आता हा माणूस शहाणा, रोज बारा-पंधरा जणांना सोडायचं कसं ते सांगणारा. पण त्यानं काय केलं? डायरी कधीही सुरू करता येत होती. मामा म्हणाले, येत्या सोमवारपासून. तो सोमवार गेला. मग म्हणाले, पाहुणे येऊन जाऊ देत. पाहुणे येऊन गेले. मग म्हणाले, जरा डोक्याचा ताप कमी होऊ दे. अठरा वर्षं जे जे दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलं होतं, ते सगळं क्रमानं स्वतःशी म्हणून झालं, आणि सहावा शनिवार उलटून गेला. आता सुरू केलं नाही तर तीस दिवस बसतच नाहीत, अशी पाळी आली तेव्हा कुठं मामांनी सोमवारी सकाळी कप पालथा घातला.

केंद्रात त्या वेळी एक मास्तर दाखल होता. आयुष्यभर गणित शिकवलेला, पोरांत दरारा असलेला माणूस, आणि तिसऱ्यांदा दाखल. मामांचा त्याच्यावर जीव होता. मामांनी गोलात सांगून टाकलं, की मी पण आजपासून एक गोष्ट सोडतोय, चहा.

मास्तरनं विचारलं, "रोज किती कप होता?"

"असेल दोन-तीन."

"बरं," मास्तर म्हणाला.

मामांनी खाकरून घेतलं. खिडकीकडं बघितलं. "अकरा," मामा म्हणाले.

मग असं ठरलं, की रोज सकाळी गोल सुरू व्हायच्या आधी दोघांनी एकमेकांना एकच आकडा सांगायचा. मास्तरनं पेल्याचा, मामांनी कपाचा. शून्य असेल तर शून्य.

डायरीतलं म्हणून दाखवतो, मला पाठ आहे. दिवस पहिला: चहा नाही. सोपं आहे. दिवस दुसरा: चहा नाही. डोकं दुखतं. दिवस तिसरा: चहा नाही. सोपं आहे असं पहिल्या दिवशी लिहिलं ते खोडता येईल का, बाईंना विचारावं. दिवस चौथा: मामीशी दिवसभर बोललो नाही. मामी म्हणते, घर कसं शांत आहे. दिवस पाचवा: हात थरथरतो.

खरं सांगायचं तर हात थरथरत नव्हता. पण केंद्रातल्या सगळ्यांनी सांगितलं होतं की मामा, हात बघा, तिथं आधी कळतं. म्हणून मामा दर दहा मिनिटांनी हात पुढं धरून बघायचे, आणि कुणीही इतक्यांदा स्वतःचा हात पुढं धरून बघितला तर तो थरथरणारच. डोळे लाल, कारण डोकं दुखून झोप नाही. जिन्यात कुणी "काय मामा" म्हटलं तर मामा गुरगुरल्यासारखं करून पुढं जायचे. हे सगळं लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे, म्हणजे मामांच्या नाही, शेजाऱ्यांच्या.

आता सभांचं बघा. दारू सोडलेली माणसं दर मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता एका प्राथमिक शाळेच्या वर्गात जमायची. बाकं पहिलीच्या पोरांची. चाळीस-पन्नास वर्षांचे बाप्ये गुडघे छातीशी घेऊन बसलेले. फाटकावर पुठ्ठा लावलेला: दारू सोडायची इच्छा असणाऱ्यांची सभा, आत या. त्या सभेचा एकच मोठा नियम, की तिथं कुणी कुणाचं नाव विचारायचं नाही, सांगायचं नाही, आणि लिहायचं तर मुळीच नाही. आणि कॉलेजचा नियम काय? तीन सभांना गेल्याची चिठ्ठी पाहिजे, सभा चालवणाऱ्याचं नाव, सही आणि शिक्का.

सभा एक चष्मेवाला गृहस्थ चालवायचा. चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. मामांनी चिठ्ठी पुढं केली.

"सही करतो की," चष्मेवाला म्हणाला आणि कागदावर एक आडवी रेघ ओढली.

"ही सही?"

"इथं माझी हीच सही आहे. नाव लिहीत नाही."

"शिक्का?"

"शिक्का संस्थेचा असतो. आम्ही संस्था नाही. आम्ही नुसती माणसं."

मामा ती रेघ घेऊन कॉलेजच्या ऑफिसात गेले. तिथला कारकून म्हणजे काटेकोर माणूस. टेबलावर चार पेनं, चारी एका मापात. डोळ्यांखाली काळं, आणि तोंडात सतत बडीशेप. त्यानं ती चिठ्ठी उजेडात धरली, उलटी केली.

"ही रेघ आहे."

"सही आहे ती."

"कुणाची?"

"ते सांगता येत नाही."

"मग तुम्ही गेला होता हे कशावरून?"

"मी सांगतोय ना."

कारकुनानं चिठ्ठी पेनांच्या ओळीत नीट ठेवली. असं उत्तर त्याच्या टेबलावर आजवर कुणी ठेवलं नव्हतं. मग म्हणाला, "गैरहजर." आणि तसं लिहिलं.

मामा बाईंकडे गेले. बाई म्हणाल्या, बरोबर आहे तुमचं, मी ऑफिसशी बोलते. बाई ऑफिसशी बोलल्या. ऑफिस म्हणालं, नियम तुमच्याच कागदावर लिहिलाय. बाईंनी कागद काढून बघितला, तर खरंच तिथंच होता. मागच्या वर्षीच्या दुसऱ्या कुठल्यातरी कोर्सचा उतरवून घेतलेला. आता नियम बदलायचा तर समितीपुढं न्यायला पाहिजे, समिती बसणार परीक्षेनंतर. मामा पुढच्या मंगळवारी परत सभेला गेले, परत एक रेघ घेऊन आले, परत गैरहजर. तीस गुण असे हवेत चाललेले, वर डोकं दुखतंय, आणि चहा नाही.

चष्मेवाल्याला दया आली. म्हणाला, "त्या कारकुनालाच घेऊन या. बसू दे मागं. मग त्याची खात्री पटेल, आणि आमचं नावही कुठं लिहिलं जाणार नाही."

कारकून आला. फाइल घेऊन आला. मागच्या बाकावर गुडघे आवळून बसला आणि तासभर हलला नाही. सभा संपल्यावर मामांना म्हणाला, "तिन्ही सभा हजर धरतो." मामांनी आभार मानले. पुढच्या मंगळवारी मामांना जायचं कारण नव्हतं, पण छत्री राहिली होती म्हणून गेले, तर कारकून मागच्या बाकावर. या वेळी फाइल नव्हती. मामांनी काही विचारलं नाही. छत्री घेतली आणि आले. ते काय बोलणार? तिथला नियमच तो.

इकडं काय झालं होतं, की शाळेसमोर एका शिंप्याचं दुकान होतं आणि तिथं मामांच्या बिल्डिंगीच्या सेक्रेटरींच्या बायकोचे कपडे शिवायला होते. सेक्रेटरींच्या बायकोनं मामांना एका मंगळवारी फाटकातून बाहेर येताना बघितलं. मग पुठ्ठा वाचला. मग शिंप्याला म्हणाल्या, राहू दे, मी पुढच्या मंगळवारीच येते. पुढच्या मंगळवारी मामा परत दिसले, आणि आता बरोबर डोळ्यांखाली काळं असलेला आणखी एक माणूस. म्हणजे एकटेच जातात असं नाही, आता दोस्तही जमवलाय.

त्या दिवसापासून बिल्डिंगीत मामांच्या आरोग्याची जी काळजी सुरू झाली, तशी अठरा वर्षांत कुणी केली नव्हती. जिन्यात एक जण म्हणाला, "मामा, लिंबू चोखत जा." दुसरा म्हणाला, सकाळी पळा. तिसऱ्यानं आपल्या चुलत्याची गोष्ट सांगितली, ती सांगताना चुलता शेवटी वारला हे त्याच्या लक्षात आलं आणि तो मध्येच थांबला. तळमजल्यावरच्या आजोबांनी हात दाबून विचारलं, "देशी की विलायती?" मामा म्हणाले, "अहो, मी कोर्स करतोय." आजोबा म्हणाले, "कोर्स पूर्ण करा हो, अर्धवट सोडू नका. माझ्या साडूनं गोळ्यांचा कोर्स अर्धवट सोडला."

मामी पाण्याच्या टाकीचं विचारायला सेक्रेटरींकडे गेल्या, तर सेक्रेटरींच्या बायकोनं त्यांना जवळ घेऊन पाठीवरून हात फिरवला. मामी घरी येऊन म्हणाल्या, "तुम्ही हे कॉलेजचं खूळ काढलंत आणि मी विधवा झाल्यासारखी बिल्डिंगीत फिरतेय."

आता आपण एकोणिसाव्या दिवसाशी आलो. शुक्रवार होता. सेक्रेटरींनी निरोप पाठवला, मामा, जरा वर येऊन जा. मामा गेले. बघतात तर सेक्रेटरी, त्यांची बायको, तळमजल्यावरचे आजोबा, सगळे ओळीनं सोफ्यावर, आणि समोर एकच खुर्ची. मामांनी अठरा वर्षं माणसांना गोलात बसवलं, पण आपण मध्ये आणि बाकी सगळे समोर, अशी मांडणी त्यांनी कधी केली नव्हती. वाईट मांडणी आहे ती. त्या दिवशी त्यांना कळलं.

सेक्रेटरी घसा साफ करून म्हणाले, "मामा, आम्ही तुम्हाला दोष देत नाही."

"कशाबद्दल?"

"बघा, हेच. आधी नाकारतात," सेक्रेटरी आजोबांना म्हणाले.

मामांनी परत कोर्सचं सांगितलं. वर्ग सांगितला, हजेरी सांगितली, गुण सांगितले. सगळे समजुतीनं माना हलवत राहिले. मग सेक्रेटरींच्या बायकोनं आतून ट्रे आणला. त्यावर चहा. आल्याचा, उकळलेला, दाट. वाफ सरळ मामांच्या नाकात.

"घ्या मामा. चहा घ्यावा माणसानं. तिकडं मन जात नाही."

"मी चहा सोडलाय."

सोफ्यावरचे तिघं एकमेकांकडे बघायला लागले. आजोबा हळूच म्हणाले, "चहाची जागा भरून निघालीय वाटतं."

आता तुम्ही सांगा, मामांनी काय करावं? नाही म्हटलं तर दारुडा, हो म्हटलं तर डायरी गेली. मामांनी कप उचलला. एवढंच सांगतो, की पहिला कप त्यांनी डोळे मिटून घेतला. दुसरा आग्रहानं. सेक्रेटरींची बायको पदरानं डोळे पुसत होती. आणि तिसरा, तिसऱ्याचं मामांनी नंतर सांगितलं, तेव्हा सांगीन.

मामा घरी आले. मामींनी विचारलं, काय झालं, तर म्हणाले, टाकीचं बोलत होते. मग टेबलाशी बसून डायरी काढली. बोटांवर हिशोब केला. डायरीला तीस गुण. हजेरीतले सहा आधीच गेले होते. एक दिवस केंद्रात माणूस दाखल करायला थांबावं लागलं, त्याचे तीन. दोनदा दहा मिनिटं उशीर झाला, त्याचे दीड-दीड. दुसऱ्या उशिराला बाई दारात उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "मामा, तुमच्या गोलात उशिरा आलेल्याला आत घेता?" मामा म्हणाले होते, "नाही." आणि मग स्वतःच मधल्या सुट्टीपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहिले होते. आता डायरीही गेली तर सरळ जिन्याखाली, चादरी मोजायला. मामांनी चांगल्या अक्षरात लिहिलं: दिवस एकोणिसावा: चहा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरनं विचारलं, "काल?"

"शून्य."

"बरं," मास्तर म्हणाला.

मामा खिडकीकडं बघत बसले. खऱ्यावर काही आले नाहीत. मास्तरनंही परत विचारलं नाही, आपलं शून्य सांगितलं आणि खुर्चीत बसला. पुढचे अकरा दिवस मामांनी खरंच चहा घेतला नाही. अकराव्या शनिवारी डायरी वेळेवर जमा केली. कारकुनानं पोच दिली, तारीख टाकली. डायरी बघून म्हणाला, "अक्षर छान आहे." मामांना ते काही गोड लागलं नाही.

त्याच शनिवारी मास्तरला दोन दिवसांची घरी जायची सुट्टी मिळाली. सोमवारी सकाळी तो वेळेवर परत आला. दाढी केलेली, कपडे स्वच्छ, तोंडाला वास नाही. नर्सनं तपासलं, सगळं ठीक. कुणाच्या बापाला कळलं नसतं. पण गोलाच्या आधी तो मामांसमोर येऊन उभा राहिला.

"दोन," म्हणाला. "शनिवारी संध्याकाळी. लिहा रजिस्टरात."

मामांनी रजिस्टर उघडलं. नियम असा, की असं झालं की तारीख टाकून लिहायचं, म्हणजे तिथून परत पहिल्या दिवसापासून मोजणी. एकवीस दिवस आणखी राहणं वाढतं. मास्तरला ते पक्कं माहीत होतं, तिसरी खेप त्याची.

"सांगितलंत कशाला?" मामा म्हणाले. हे त्यांनी विचारायला नको होतं. अठरा वर्षांत कुणाला विचारलं नव्हतं.

"तुम्ही तीस काढलेत ना," मास्तर म्हणाला. "तुमच्यासमोर बसून थाप मारायला जीभ उचलेना."

मामांनी लिहिलं. तारीख टाकली. मग रजिस्टर मिटून नर्सकडे दिलं आणि म्हणाले, आजचा गोल तुम्ही घ्या. आणि पायात चप्पल सरकवून निघाले ते थेट कॉलेजात.

कारकून म्हणाला, "जमा झालेली वही निकालापर्यंत परत मिळत नाही."

"मला तिच्यातलं एक पान बदलायचंय. एक म्हणजे बारा पानं."

"का?"

"खोटं लिहिलंय."

कारकुनानं चारी पेनं सरळ केली. ती आधीच सरळ होती. मग हळू आवाजात म्हणाला, "मामा, नीट ऐका. ही वही आत्ता वेळेवर आहे. मी परत दिली तर ती जमाच झाली नाही असं मला लिहावं लागेल. म्हणजे दोन दिवस उशीर. दहा गुण गेले. तुमचं बाकीचं मला दिसतंय. हजेरी चौदा. अहवाल पंधरा, कारण कुणाचं नाव न घेता तुम्ही प्रत्येकी चार ओळी लिहिल्यात. तोंडीचं अजून व्हायचंय. खोटं आहे हे बाईंना कळणारही नाही."

"तुम्हाला कळलंय आता," मामा म्हणाले.

कारकून उठला, कपाट उघडलं, वही काढून मामांच्या हातात दिली आणि रजिस्टरातल्या नोंदीवर एक आडवी रेघ ओढली.

मामा कॉलेजच्या पायरीवर बसले आणि लिहायला लागले. दिवस एकोणिसावा: सेक्रेटरींच्या घरी तीन कप चहा घेतला. पहिला नाइलाजानं. दुसरा आग्रहानं. तिसरा मी मागितला. दिवस विसावा: चहा नाही. मास्तरशी खोटं बोललो. दिवस एकविसावा: चहा नाही. कालचं खोटं तसंच आहे. असं करत तिसाव्यापर्यंत. ऑफिस बंद व्हायच्या आत वही परत जमा केली.

मंगळवारी सकाळी गोलात मामा खिडकीखाली बसले आणि सगळ्यांच्या आधी बोलले. "मी पण घेतला. एकोणिसाव्या दिवशी."

मास्तरनं विचारलं, "किती?"

"दोन."

"बरं."

"तीन," मामा म्हणाले. आणि मग सगळा गोल असा हसला की बाहेरून नर्स बघायला आली. मास्तर हसला नाही. तो म्हणाला, "म्हणजे तुमचाही आज पहिलाच दिवस म्हणा की," आणि मामांसाठी शेजारची खुर्ची पुढं ओढली. मामा खिडकी सोडून तिथं जाऊन बसले.

तोंडी परीक्षेत बाईंबरोबर बाहेरचे एक साहेब होते. त्यांनी विचारलं, व्यसनाच्या अवस्था किती? मामा म्हणाले, माणसागणिक वेगळ्या. साहेबांनी विचारलं, पुस्तकात किती? मामा म्हणाले, पुस्तक अजून आमच्याकडे दाखल झालेलं नाही. वीसपैकी आठ. म्हणजे चौदा, पंधरा आणि आठ, सदतीस. डायरीला बाईंनी चोवीस दिले आणि नियमाप्रमाणे दहा कापले. त्या नियम मोडत नाहीत, सांगितलं ना. राहिले चौदा. एकूण एक्कावन्न. ग्रेड क.

पास. चादरी दुसऱ्या कुणालातरी मिळाल्या.

बिल्डिंगीत आता सगळे म्हणतात की मामा सुटले. सेक्रेटरी तर बैठकीत बोलून दाखवतात, की वेळेवर चार शब्द आणि तीन कप चहा, एवढ्यानं माणूस मार्गाला लागतो. मामांनी सर्टिफिकेट दाखवलं तेव्हा सेक्रेटरींची बायको म्हणाली, "अगंबाई, सोडल्याची परीक्षा पण घेतात का?" मामांनी वाद घालायचं सोडलंय. ते सोडायला चहापेक्षा जास्त दिवस लागले.

सर्टिफिकेटला मामींनी लाकडी चौकट करून घेतली. सुताराला सांगून खालची पट्टी मुद्दाम रुंद घेतली, अशी की ग्रेडची ओळ बरोबर तिच्यामागं जाते. चौकट गोलाच्या खोलीत लावलीय. आणि तिच्या शेजारी, वहीतून फाडून, चार टाचण्या मारून, ते एकोणिसावं पान लावलंय. येणारा-जाणारा वाचतो. नवा दाखल झालेला आधी तेच वाचतो. मामांना त्याचं काही वाटत नाही.

तर एक विनंती आहे तुम्हाला. कधी त्या खोलीत गेलात तर ते पान खुशाल वाचा, मोठ्यानं वाचा, मामांसमोर हसलात तरी चालेल, तेही हसतील. पण शेजारच्या चौकटीची ती खालची पट्टी तेवढी उचलून बघू नका.